म्हातारा कुत्रा रात्री उठून घरभर फिरतो, घरातच शू करतो: आमच्याकडे तीनदा झालं, तिन्ही वेळा कारण वेगळं

तक्रार अशी. कुत्रा गावठी, वय १३, वजन १९ किलो, नाव बोक्या (पिल्लू असताना मांजरासारखा भिंतीवर चढून बसायचा, तेव्हापासून). दिवसा काही नाही. रात्री दोन-अडीचला उठतो, टाइल्सवर नखं वाजवत फेऱ्या मारतो, धापा टाकतो, मधेच भुंकतो, कधी फ्रिजसमोर शू करून ठेवतो. आणि आपली उठायची वेळ झाली की हा गाढ झोपलेला. डॉक्टरकडे नेलं की दोन-चार महिने बरं, मग पुन्हा तेच.

आमचं घर मुंबईत, वेसाव्याच्या कोळीवाड्यात. खाली एक खोली, स्वयंपाकघर आणि मोरी, वर पोटमाळा. गल्ली एवढी अरुंद की समोरच्यांची फोडणी आमच्या नाकात जाते. इथे रात्री दोनला कुत्रा भुंकला की तो निदान सहा घरांत भुंकतो. सकाळी नळावर कोणी काही बोलत नाही, नुसतं "झोप झाली का गं?" असं विचारतात. त्यातच सगळं आलं.

मी डॉक्टर नाही. वर्षभर रात्री जागून एक शंभरपानी वही भरली आहे, त्या वहीच्या जोरावर लिहिते आहे. "वय झालं त्याचं" हे मला तीन शेजाऱ्यांनी, एका दुकानदाराने आणि एका डॉक्टरनेसुद्धा सांगितलं. वय तर झालंच आहे, पण वयाला गोळी देता येत नाही. दुखण्याला, तहानेला आणि गोंधळलेल्या डोक्याला काहीतरी देता येतं. तेव्हा यातलं आपल्याकडे कोणतं, ते आधी शोधायचं.

उठल्यावर पहिली दोन मिनिटं

सगळ्यात उपयोगी पडलेली गोष्ट हीच, म्हणून आधी सांगते. कुत्रा उठला की आपण लगेच ओरडतो, दिवा लावतो, नाहीतर दार उघडतो, आणि तिथेच पुरावा पुसला जातो. दोन मिनिटं गप्प पडून राहा आणि तो आधी कुठे जातो ते बघा. घरात जुना मोबाइल असेल तर चार्जरला लावून फडताळावर उभा करा आणि व्हिडिओ चालू ठेवा.

उठल्याबरोबर पाण्याच्या भांड्याकडे गेला आणि घटाघटा प्यायला, तर तहानेचा तपास करायचा. दाराशी गेला, बाहेर नेल्यावर भरपूर शू केली आणि परत येऊन झोपला, तर मूत्राशय भरतंय. हेही बहुतेक पाण्याकडेच बोट दाखवतं. सारखी थोडी थोडी, जोर लावून करत असेल तर लघवीचा संसर्ग किंवा खडा. झोपेतच गादी ओली झाली आणि त्याचा त्यालाच पत्ता नाही, तर ती गळती. नसबंदीचं ऑपरेशन झालेल्या म्हाताऱ्या कुत्र्यांमध्ये, त्यातही माद्यांमध्ये हे बरंच दिसतं आणि त्यावर चांगलं औषध आहे. तिला रागावू नका, तिने काहीच केलेलं नसतं.

उठायलाच दोन-तीन प्रयत्न लागले, मग गोल गोल फिरला, बसायला गेला आणि अर्ध्यातून पुन्हा उभा राहिला, तर दुखतंय. आणि कुठेच गेला नाही, भिंतीकडे तोंड करून उभा राहिला, किंवा दाराच्या उघडणाऱ्या बाजूऐवजी बिजागरीच्या बाजूला नाक लावून थांबला, तर गडबड डोक्यात आहे.

म्हाताऱ्या कुत्र्यात यातली दोन-तीन कारणं एकदम असू शकतात. बोक्यात होती. एक मिटलं की मागचं दुसरं दिसायला लागायचं, आणि आम्हाला वाटायचं तेच पुन्हा आलं.

पहिली खेप: जानेवारी

व्हिडिओत स्पष्ट दिसलं. उठताना मागचे पाय टाइल्सवर फाकत होते. आम्ही तीन वर्षांपूर्वी घर नीट केलं तेव्हा चकचकीत विट्रिफाइड टाइल्स बसवल्या. बाईमाणसाला पुसायला सोप्या, कुत्र्याला बर्फासारख्या. दिवसभर तो दारापुढच्या ओट्यावरच्या जुन्या लादीवर बसायचा, म्हणून दिवसा काही कळत नव्हतं. रात्री घरात, गार फरशीवर, सहा तास एका कुशीवर पडून सांधे आखडायचे. पुढच्या पायाच्या मनगटाशी केस तांबूस झाले होते, सतत चाटून. ती खूण मी सहा महिने बघत होते आणि "घाण लागली असेल" म्हणत होते.

डॉक्टरने कंबर आणि मागचे गुडघे हलवून पाहिले, एक्स-रे काढला. संधिवात. रक्त तपासून मग मेलॉक्सिकॅम हे दुखण्याचं औषध सुरू केलं, वजनाप्रमाणे थेंब मोजून, पोटभर जेवल्यावरच.

घरात केलेल्या गोष्टींचा औषधाइतकाच उपयोग झाला. त्याच्या झोपायच्या जागेपासून पाण्यापर्यंत आणि पाण्यापासून दारापर्यंत रबरी पायपुसण्यांची पायवाट केली. मागे रबर असलेलीच घ्यायची. नुसती कापडी घेतलीत तर तीच कुत्र्यासकट घसरतात. गादी म्हणून आईने दोन गोधड्या एकत्र शिवल्या, आत जुन्या सोफ्याचा फोम. नखं कापली आणि पंजाच्या गादीमधले वाढलेले केस छाटले. ते केस राहिले तर कुत्रा मोजे घालून चालल्यासारखा घसरतो. पोटमाळ्याचा जिना बंद केला.

इथे एक गोष्ट ओरडून सांगायची आहे. घरातली माणसाची दुखण्याची गोळी कुत्र्याला देऊ नका. अर्धी नाही, पावही नाही. आयब्युप्रोफेनने पोटात जखमा होतात आणि किडन्या बसतात, पॅरासिटामॉलने यकृत जातं. डायक्लोफेनॅक तर जनावरांसाठी आपल्याकडे २००६ पासून बंदच आहे. ती बंदी गिधाडांसाठी आली, ते औषध दिलेली मेलेली गुरं खाऊन गिधाडं मेली म्हणून; पण कुत्र्याच्या पोटालाही ते सोसत नाही. आणि एका डॉक्टरचं स्टेरॉइड चालू असताना दुसऱ्याकडून दुखण्याचं औषध घेऊ नका, दोन्ही एकत्र गेलं की आतड्यातून रक्त जाऊ शकतं. चालू औषधांची पाकिटं पिशवीत घालून न्यायची आणि टेबलावर ठेवायची.

फेब्रुवारीपासून बोक्या रात्रभर झोपायला लागला. मी वही बंद केली. ती चूक झाली.

दुसरी खेप: जून

जूनच्या तिसऱ्या आठवड्यात पुन्हा सुरू. तेच सव्वादोन, तीच नखं. पाऊस लागला होता, तेव्हा सगळ्यांनी धरून चाललं की गारठ्याने सांधे धरले. नवऱ्याचं म्हणणं, थेंब वाढवू. मीही कबूल झाले होते. पण डॉक्टर फोनवर म्हणाले, "वाढवायचं नाही. आधी दोन दिवस पाणी मोजा."

पाणी मोजणं सोपं आहे. सकाळी लिटरच्या बाटलीने भांडं भरायचं, पुन्हा भरलं की लिहायचं, दुसऱ्या दिवशी त्याच वेळी उरलेलं वजा करायचं. घरात दुसरं भांडं नको, आणि मोरीचं दार बंद. साधारण किलोमागे ५० ते ६० मिलिलिटर हे रोजचं पाणी. १०० च्या वर गेलं तर काहीतरी आहे हे नक्की. बोक्याचं पूर्वी लिटरभराच्या आसपास असायचं. त्या दोन दिवसांत ते २ लिटर १०० निघालं.

इथे शेजारच्या मावशींचा सल्ला आला, आणि हा सल्ला तुम्हालाही कोणीतरी देईल: "संध्याकाळी सातनंतर भांडं उचलून ठेव, शू थांबेल." असं करू नका. जास्त शू होते म्हणून कुत्रा जास्त पितो. पाणी तोडलं तर शू चालूच राहते आणि तो आतून सुकत जातो. किडनीचा आजार असेल तर एका रात्रीत हाल होतात.

पहाटेची पहिली लघवी डाळीच्या पळीत धरून (पळी नंतर फेकली, विचारू नका) स्वच्छ बाटलीतून दिली. लघवी किती दाट आहे ते बघतात. साध्या पाण्याचा आकडा १.०००, धडधाकट कुत्र्याची सकाळची लघवी सहसा १.०३० च्या वर. बोक्याची १.०१८. साखर नव्हती, म्हणजे मधुमेह नाही. रक्तात क्रिएटिनिन (किडनी कशी चाललीय ते सांगणारा आकडा) किंचित वर. ते किंचित वाचून आम्हाला हायसं वाटलं, पण डॉक्टरांनी सांगितलं की क्रिएटिनिन वाढायला लागतं तोवर किडनीचं साधारण तीन चतुर्थांश काम बंद पडलेलं असतं. त्यांनी रक्तदाबही मोजला, शेपटीला छोटा पट्टा बांधून. किडनीच्या कुत्र्याचा रक्तदाब चढतो आणि त्याने डोळे जाऊ शकतात, तेव्हा तो मोजून घ्याच.

पण जानेवारीत ठीक असलेलं रक्त जूनमध्ये का बिघडलं? आणि पाणी एकदम दुप्पट कसं?

उत्तर ओट्यावर होतं. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद. होड्या किनाऱ्याला, ताजी मासळी नाही, घराघरांत सुकी मासळी निघते. आणि बोक्या सकाळी सगळ्या गल्लीचा लाडका. वहीत मी घरातलं खाणं लिहीत होते, गल्लीतलं कोण लिहिणार? शेवटी एक दिवस ओट्यावरच बसून राहिले. साडेआठ ते दहा या वेळात तीन घरांतून तो जेवून आला. मावशींकडे खाऱ्या बांगड्याचं डोकं, पलीकडे सुक्या बोंबलाचे काटे, आणि कोपऱ्यावरच्या घरी जवळ्याचा भात.

यात फरक आहे, तोही सांगते. वलांडीवर, म्हणजे बांबूच्या मांडणीवर, वाळवलेल्या बोंबलाला वरून मीठ फारसं नसतं. खारवलेला बांगडा मात्र जाड्या मिठात मुरलेला असतो. कितीही धुतला तरी सगळं मीठ निघत नाही. मिठाने तहान, तहानेने शू. शिवाय सुकी मासळी काट्यांसकट म्हणजे फॉस्फरसचा साठा, आणि कमजोर किडनीला नेमकं तेच बाहेर टाकता येत नाही. किडनी आतून बिघडत चाललीच असणार, बंदीतल्या खाऱ्याने ते उघड्यावर आणलं.

मावशींना सांगणं ही खरी अडचण. चौदा वर्षांचं येणं-जाणं, "आमच्या हातचं विष आहे का?" असं झालं असतं. मी म्हटलं, "मावशी, याला डॉक्टरने अळणी सांगितलंय, तुमच्या मिस्टरांसारखंच." काकांचं मीठ दोन वर्षांपूर्वी बंद झालं तेव्हापासून त्या घरात दोन भांडी शिजतात. क्षणात कळलं त्यांना. आता त्या बोक्यासाठी भोपळ्याची उकडलेली फोड ठेवतात आणि त्याच गल्लीला दटावतात.

घरी भात, बिनमिठाचं उकडलेलं चिकन मोजून, आणि अर्धं जेवण डॉक्टरने दिलेलं किडनीचं खाद्य. हाडं बंद. कांदा-लसूण घातलेला रस्सा तर कोणत्याच कुत्र्याला नको. मेलॉक्सिकॅम थांबवलं, कारण तेही किडनीवर येतं. त्याजागी गॅबापेंटिनच्या कॅप्सूल. कॅप्सूलच मागा. माणसांच्या पातळ औषधांत गोडीसाठी कधी कधी झायलिटॉल असतं आणि ते कुत्र्याला विष.

पंधरा दिवसांत पाणी १ लिटर ३०० वर आलं. रात्री एकदा उठायचा, बाहेर जाऊन यायचा, झोपायचा. अकराला झोपण्याआधी त्याला मुद्दाम एक फेरी, एवढी नवी सवय आम्ही लावून घेतली.

पावसाळ्याचं आणखी एक. अचानक पाणी वाढलं, उलट्या, ताप, डोळ्यांचं पांढरं पिवळसर, असं दिसलं तर वहीबिही बाजूला ठेवून धावा. मुंबईच्या पावसात उंदरांच्या मुतातून लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस) पसरतो, आणि तो किडनीवर थेट हल्ला करतो. त्याची लस दर वर्षी लागते, "म्हातारा झाला, आता कशाला टोचायचं" म्हणून टाळू नका.

तिसरी खेप: गणपती

सप्टेंबरात पुन्हा. या वेळी मी शहाणी झाले होते, पहिल्या रात्रीपासून वही आणि मोबाइल. पाणी ठीक. उठताना पाय ठीक. बाहेर नेलं तर शूसुद्धा नाही. पण व्हिडिओत वीस मिनिटं तो एका कोपऱ्यात, कपाट आणि भिंत यांच्या फटीत डोकं घालून उभा. मागे यायचं त्याला सुचत नव्हतं. मग भुंकला, एका सुरात, कोणाकडेही न बघता. मी जवळ गेले तर दचकला. मला ओळखायला त्याला एक क्षण लागला. त्या रात्री वहीत काही लिहिलं नाही.

मखर मांडायला आम्ही कपाट सरकवलं होतं आणि त्याची गादी दुसऱ्या भिंतीला नेली होती. घरात पाहुणे, आरत्या, झांजा, रात्री उशिरापर्यंत दिवे. तरण्या कुत्र्याने दोन दिवसांत जमवून घेतलं असतं. याच्या डोक्यातला घराचा नकाशाच पुसला गेला. विसर्जनानंतर सगळं जागेवर ठेवलं तरी तो पूर्णपणे सावरला नाही.

माणसांच्या स्मृतिभ्रंशासारखाच हा आजार कुत्र्यांनाही होतो. घरात वाट चुकणं, माणसांशी वागणं बदलणं, दिवस-रात्रीची उलटापालट, शिकवलेली जागा सोडून शू-शी करणं, उगाच येरझाऱ्या. अमेरिकेत २००१ साली छापून आलेल्या एका पाहणीत ११-१२ वर्षांच्या कुत्र्यांपैकी २८ टक्क्यांत आणि १५-१६ वर्षांच्यांपैकी ६८ टक्क्यांत यातलं एक तरी लक्षण सापडलं होतं. याची रक्ततपासणी नाही. बाकीचं सगळं तपासून बाजूला काढल्यावर जे उरतं ते हे. म्हणून पहिल्याच भेटीत कोणी "डोक्याचा प्रॉब्लेम" म्हटलं तर लघवी आणि रक्त तपासलं का, ते विचारा.

या खेपेला खरी मदत नणंदेची झाली. ती इंग्लंडमध्ये एका खेड्यात राहते, तिची लॅब्राडोर चौदाची. तिथे डिसेंबरात चारलाच अंधारतं आणि तेव्हापासून तिच्या कुत्रीच्या येरझाऱ्या सुरू होतात. तिची युक्ती अशी की अंधार पडायच्या आधीच घरातले दिवे लावायचे, म्हणजे उजेड कमी होत गेल्याचं कुत्र्याला जाणवतच नाही. मी हसले, मुंबईत अंधार असतो कुठे? पण आमची खालची खोली गल्लीमुळे साडेपाचलाच काळवंडते. साडेपाचला ट्यूब लावायला लागले आणि संध्याकाळची धाप चार दिवसांत निम्म्यावर आली. तिचे बाकीचे सल्ले इथे चालले नाहीत. तिच्याकडे घरभर गालिचा, मागचं दार उघडलं की परसातलं गवत. आमच्याकडे मागचं दार उघडलं की दुसऱ्याची मोरी.

रात्री पाण्याच्या भांड्याजवळ आणि दाराजवळ दोन छोटे दिवे. म्हाताऱ्या कुत्र्याच्या डोळ्यांत जी निळसर झाक दिसते ती बहुतेकदा मोतीबिंदू नसते, भिंग घट्ट झालेलं असतं. पण मंद उजेडात त्याला कमी दिसतंच. कपाटाच्या फटीत उशी कोंबली. सकाळी सातला उन्हात वीस मिनिटं, संध्याकाळी किनाऱ्यावर हळूहळू वास घेत फेरी. अंतर मोजायचं नाही, त्याला जेवढं हुंगायचं तेवढं हुंगू द्यायचं. दिवसा सलग सहा तास झोपायला लागला की मी त्याला उठवून पायपुसण्याखाली लपवलेला चिकनचा तुकडा शोधायला लावते.

औषध सेलेजिलीन. परिणाम दिसायला काही आठवडे जातात, तेव्हा आठव्या दिवशी "काही उपयोग नाही" म्हणून बंद करू नका. आणि गोचिडांसाठी अमिट्राझचं पाणी लावत असाल किंवा तसला पट्टा बांधत असाल तर डॉक्टरला आधी सांगा, ही दोन्ही एकत्र चालत नाहीत. आमच्या पावसाळी गल्लीत ते पाणी घरोघरी वापरतात, म्हणून लिहिलं. कोणी खोबरेल पाजायला सांगेल. मेंदूसाठी म्हणून जे तेल वापरतात ते वेगळं काढलेलं असतं, खोबरेल म्हणजे ते नव्हे, आणि जास्त तेलाने स्वादुपिंडाला सूज येऊ शकते.

मोठ्या दवाखान्यात न्यायचं असेल तर

जवळच्या डॉक्टरकडे सोनोग्राफी नव्हती म्हणून आम्हाला शहरात जावं लागलं. परळला जनावरांचं जुनं रुग्णालय आहे आणि १८८६ सालचं पशुवैद्यक महाविद्यालय. महालक्ष्मीला टाटा ट्रस्टचं छोट्या प्राण्यांचं रुग्णालय २०२४ पासून सुरू झालंय. अंधेरीकडून निघणाऱ्यांनी एक लक्षात ठेवा: रिक्षा परळ-महालक्ष्मीपर्यंत जात नाही. वाटेत उतरून टॅक्सी बदलायची म्हणजे संधिवाताच्या कुत्र्याला दोनदा उचलायचं, तेव्हा पहिल्यापासूनच टॅक्सी करा आणि सीटवर घसरू नये म्हणून पायपुसणं न्या. सोबत पहाटेची लघवी, औषधांची पाकिटं आणि व्हिडिओ. बोक्या डॉक्टरच्या टेबलावर इतका शहाण्यासारखा उभा राहतो की व्हिडिओ नसता तर आम्हीच खोटे ठरलो असतो.

हे मात्र सकाळची वाट बघण्यासारखं नाही: पोट फुगलंय आणि ओकारी येते पण काही पडत नाही; बारा तासांत शू नाही; हिरड्या पांढऱ्या; फिट. डोकं एका बाजूला कलून एकदम तोल गेला तर बघणारे "लकवा, गेला आता" म्हणतील. म्हाताऱ्या कुत्र्यात हे पुष्कळदा कानाच्या आतल्या तोलाचं असतं आणि काही दिवसांत, आठवड्यांत सुधारतं. त्याच दिवशी दाखवा, पण कोणाच्या बोलण्यावरून त्याला कायमचं झोपवायचा निर्णय घेऊ नका.

सध्या बोक्या रात्री एकदा उठतो, साधारण साडेतीनला. मी दार उघडते. बंदी नसेल तर त्या वेळी गल्लीतून कोणी ना कोणी बंदराकडे निघालेलं असतं, ते याच्या डोक्यावर हात ठेवून पुढे जातात. तो नाक्यावरच्या खांबापर्यंत जातो, शू करतो आणि परतताना हटकून मावशींच्या ओट्यापाशी थांबतो. एवढं मात्र विसरलेला नाही.